गंधाची ढाल

प्राणिसृष्टीत प्रत्येक जीवाच्या मागे जन्मापासून दोन चिंता लागलेल्या असतात. पहिली चिंता स्वतःचे पोट भरण्याची आणि दुसरी चिंता दुसऱ्याच्या पोटात न जाण्याची. या दुसऱ्या चिंतेतून निसर्गात स्वसंरक्षणाची नाना प्रकारची साधने निर्माण झाली आहेत. गव्याला शिंगे आहेत, साळिंदराला काटे आहेत, कासवाच्या पाठीवर कवच आहे, विंचवाला नांगी आहे. सशाजवळ यांपैकी काही नसले तरी त्याचे पाय त्याला क्षणात दूर नेतात. परंतु ज्याला नांगी नाही, विषारी दात नाहीत, उडण्यास पंख नाहीत, आणि जाळे विणण्यास धागाही नाही, अशा जीवाने काय करावे? अशाच एका दुबळ्या जीवाची आणि त्याने बाळगलेल्या एका अदृश्य ढालीची ही हकीकत आहे.

इंग्रजीत या जीवाला ‘हार्व्हेस्टमन’ असे नाव आहे. ‘हार्व्हेस्ट’ म्हणजे सुगी. युरोपात पिकांच्या कापणीच्या दिवसांत हा प्राणी शेतांत आणि कुंपणांच्या कडेला मोठ्या संख्येने दिसतो. त्यावरून हे नाव पडले. शास्त्रज्ञ त्याच्या गणाला ‘ओपिलिओनीस’ म्हणतात. लॅटिन भाषेत ‘ओपिलिओ’ म्हणजे मेंढपाळ. या गणात साडेसहा हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. थंड प्रदेशांपासून विषुववृत्ताजवळच्या घनदाट अरण्यांपर्यंत त्यांचा संचार आहे. आपल्या सह्याद्रीच्या रानांतही दगडांखाली, पालापाचोळ्यात आणि ओलसर झाडांच्या खोडांवर त्यांच्या काही जाती राहतात. दाण्याएवढे शरीर आणि त्याला न शोभणारे केसासारखे लांब पाय, असे यांतील पुष्कळ जातींचे रूप असते. काही जातींचे पाय मात्र आखूड असून अंग काटेरी व टणक असते.

प्रथम पाहणाऱ्याला हार्व्हेस्टमन हा कोळीच वाटतो. दोघांनाही आठ पाय आहेत, आणि दोघेही अष्टपाद प्राण्यांच्या एकाच मोठ्या वर्गात मोडतात. तथापि जरा निरखून पाहिले की दोघांतील भेद ध्यानात येतो. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असून त्यांच्यामध्ये बारीक कंबर असते. हार्व्हेस्टमनचे शरीर मात्र सलग, एखाद्या वाटाण्यासारखे असते. कोळ्याला बहुधा आठ डोळे असतात. हार्व्हेस्टमनला दोनच असतात, आणि पुष्कळ जातींत ते पाठीच्या पुढच्या भागी एका लहानशा उंचवट्यावर दोन बाजूंना बसवलेले असतात. कोळी धागा काढतो. हार्व्हेस्टमनला धागा काढता येत नाही. कोळी आपल्या भक्ष्याला विषाने निपचित करतो. हार्व्हेस्टमनच्या शरीरात विषाची ग्रंथीच नाही. तोंडापुढच्या चिमट्यांनी तो अन्नाचे बारीक तुकडे तोडतो आणि खातो. लहान कीटक, मेलेले प्राणी, बुरशी, पिकलेली फळे यांपैकी जे मिळेल त्यावर तो गुजराण करतो.

असे असूनही या गरीब प्राण्याविषयी एक विलक्षण गैरसमज पसरलेला आहे. जगातील सर्वांत जहाल विष याच्याजवळ आहे, केवळ याचे दात आखूड असल्यामुळे माणूस वाचतो, असे परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, अनेक लोक एकमेकांना सांगत आले आहेत. यात तथ्याचा लवलेशही नाही. ज्याच्याजवळ विष नाही आणि विष टोचण्याचे दातही नाहीत, त्याच्या माथी हा आरोप विनाकारण आला आहे.

मग हा जीव तगला कसा? आणि तो आजचा नव्हे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावाजवळ अतिप्राचीन खडक आहेत. त्या खडकांत हार्व्हेस्टमनचे सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. पृथ्वीवर जेव्हा पक्षी नव्हते, सरडे नव्हते, फुले देणारी झाडेही नव्हती, तेव्हा हा जीव जमिनीवर चालत होता. त्यानंतर महाकाय प्राण्यांची कुळे उदयास आली आणि लयास गेली. हा मात्र टिकून राहिला. याचे कारण समजून घेण्यासाठी त्याच्या संरक्षणाचे उपाय क्रमाने पाहिले पाहिजेत.

त्याचा पहिला उपाय म्हणजे न दिसणे. दिवसा तो बहुधा फटीत, दगडाखाली किंवा सालीआड स्वस्थ बसतो आणि रात्री बाहेर पडतो. कुणी हात लावलाच तर काही जाती पाय आखडून मेल्यासारख्या निश्चल पडून राहतात. हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालणारे शत्रू अशा वेळी फसतात.

दुसरा उपाय अधिक करुण आहे. शत्रूने पाय पकडला तर लांब पायांच्या अनेक जाती तो पाय मुळापासून तोडून देतात. तुटलेला पाय काही काळ एकटाच वळवळत राहतो. शत्रूचे लक्ष त्या वळवळीकडे लागते आणि तेवढ्यात पायाचा धनी निसटून जातो. जिवावरचे शेपटावर निभावले अशी म्हण आपल्याकडे आहे. हार्व्हेस्टमनच्या बाबतीत ते पायावर निभावते. परंतु पालीचे शेपूट पुन्हा वाढते, तसा याचा पाय पुन्हा येत नाही. विशेषतः दुसऱ्या जोडीचे पाय गेले तर नुकसान मोठे असते. त्या पायांनी तो चालण्यापेक्षा पुढची वाट चाचपण्याचे काम अधिक करतो. आंधळ्याच्या हातातील काठी जावी, तशी त्याची गत होते. एवढी किंमत वारंवार मोजणे कुणालाही परवडणारे नाही.

म्हणूनच त्याचा तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा ठरतो. शरीराच्या पुढच्या भागी, दोन्ही बाजूंना, पायांच्या मुळांजवळ प्रत्येकी एक सूक्ष्म रंध्र असते. या रंध्रांनी पूर्वीच्या अभ्यासकांना चांगलेच चकवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी ती पाहिली, त्यांना ते बाजूचे डोळे वाटले. १८६७ साली क्रोन या जर्मन अभ्यासकाने या जीवाच्या शरीरात पिशवीसारख्या दोन ग्रंथी असल्याचे प्रसिद्ध केले. ज्यांना लोक डोळे समजत होते, ती त्या ग्रंथींची दारे होती. या ग्रंथींत तीव्र वासाचा द्राव साठवलेला असतो. म्हणून त्यांना गंधग्रंथी म्हणतात. या गणातील प्रत्येक कुळात गंधग्रंथींची ही जोडी आढळते. विष आणि धागा न लाभलेल्या या जीवाची खरी मिरास ती हीच.

या द्रावात काय असते, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे अनुत्तरित राहिला. त्याचे पहिले नेमके उत्तर दक्षिण अमेरिकेतील उरुग्वाय या लहानशा देशातून आले. तेथील राजधानी मोंतेविदेओ येथे क्लेमेंते एस्ताब्ले नावाचे थोर जीवशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचे आयुष्य शाळामास्तर म्हणून सुरू झाले. पुढे स्पेनमध्ये जाऊन मज्जातंतूंचे जगप्रसिद्ध अभ्यासक रामोन ई काहाल यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले, आणि मायदेशी परतल्यावर जीवशास्त्राच्या संशोधनाची संस्था उभी केली. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. उरुग्वायच्या माळांवर दगडांखाली ‘अकँथोपॅकिलस’ जातीचा हार्व्हेस्टमन आढळतो. त्याला डिवचले की त्याच्या अंगावर पिवळसर, झोंबऱ्या वासाचा द्राव येतो. या द्रावाने अनेक प्रकारचे सूक्ष्म जीवाणू वाढू शकत नाहीत, असे एस्ताब्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळून आले. हा प्राणी ‘गोनिलेप्टिडी’ या कुळातील. म्हणून त्या पदार्थाला त्यांनी ‘गोनिलेप्टिडिन’ असे नाव दिले.

त्या वेळी पेनिसिलिनचे यश ताजे होते. बुरशीतून जर जीव वाचवणारे औषध निघू शकते, तर या उपेक्षित जीवाच्या थेंबातून का निघू नये, असे वाटणे साहजिक होते. उरुग्वायच्या रसायनशास्त्रज्ञ मारिया इसाबेल आर्दाओ यांनी हार्वर्ड विद्यापीठातील लुई फीझर यांच्यासह या द्रावाचे पृथक्करण हाती घेतले. फीझर हे क्विनोन या नावाच्या पदार्थांचे जाणकार होते. १९३९ साली त्यांनी के जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केले होते, आणि ते जीवनसत्त्वही क्विनोनांच्याच गोत्रातले आहे. गोनिलेप्टिडिनविषयीचा निबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला. द्रावात मुख्यतः क्विनोन वर्गातील पदार्थ असल्याचे त्या संशोधनातून निष्पन्न झाले.

क्विनोन हे नाव अपरिचित वाटले तरी त्यांच्या गोत्रातील पदार्थ आपल्या घरात आहेत. मेंदीचा लाल रंग ज्या पदार्थामुळे हातावर चढतो, तोही एक प्रकारचा क्विनोनच होय. पावसाळ्यात वाटेवर दिसणारा गोल अंगाचा वाणी हातात धरला तर काही वेळा बोटांवर पिवळट तपकिरी डाग पडतात आणि उग्र वास येतो. वाणी वर्गातील अनेक जाती आपल्या रक्षणासाठी क्विनोनच सोडतात. क्विनोनांचा रंग कातडीला का चिकटतो, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात आहे. ते प्रथिनांशी चटकन संयोग पावतात. मेंदीच्या बाबतीत हा गुण शोभेचा ठरतो. पण मुंगीच्या नाजूक मिशांना किंवा बेडकाच्या जिभेला ज्यांचा स्पर्श होतो, ते हार्व्हेस्टमनचे क्विनोन फार झोंबरे असतात. ज्या गुणामुळे ते जीवाणूंना मारतात, त्याच गुणामुळे ते इतर जिवंत पेशींनाही अपाय करतात. गोनिलेप्टिडिन औषध म्हणून प्रचारात आले नाही. परंतु त्या प्रयत्नातून एका दुर्लक्षित जीवाच्या ढालीचे रहस्य उकलले, हे फळ लहान नव्हते.

ढाल कशाची आहे हे कळले. ती चालवावी कशी, हे अजून कळायचे होते. ते काम ज्याच्या हातून झाले, त्या शास्त्रज्ञाचा उरुग्वायशी संबंध वेगळ्याच मार्गाने जुळला होता. थॉमस आइस्नर यांचा जन्म १९२९ साली बर्लिन शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि कुटुंबाने देश सोडला. ते स्पेनमध्ये गेले, तर तेथे १९३६ साली यादवी युद्ध पेटले. अखेर समुद्र ओलांडून ते उरुग्वायला पोहोचले. परक्या देशात आलेल्या त्या मुलाला किड्यामुंग्यांचा नाद लागला. पुढे १९४७ साली कुटुंब अमेरिकेत गेले. आइस्नर कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि प्राणी रासायनिक पदार्थांच्या साहाय्याने एकमेकांशी कसे वागतात, या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होऊ लागली.

१९७१ साली आइस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आढळणाऱ्या ‘व्होनोनेस’ या हार्व्हेस्टमनविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. मुंग्यांनी हल्ला केला की हा प्राणी प्रथम तोंडातून पोटातील पातळ रस बाहेर आणतो. तो रस गंधग्रंथींच्या दारांशी थेंबाच्या रूपाने जमतो. मग ग्रंथी आपल्याजवळचा क्विनोनयुक्त द्राव त्या थेंबात सोडते. थेंब असा तयार झाला की प्राणी आपल्या पुढच्या पायांची टोके त्यात बुडवतो आणि अंगाला झोंबलेल्या मुंगीवर कुंचल्यासारखी फिरवतो. मुंगी तत्काळ माघार घेते आणि अंग पुसू लागते. रंगाऱ्याने भिंतीला रंग द्यावा, तसा हा चिमुकला जीव शत्रूला आपले औषध लावतो!

या कृतीत केवढा विचारपूर्वक वाटावा असा काटकसरीचा व्यवहार आहे! ग्रंथीतील द्राव तयार करण्यास शरीराला श्रम पडतात आणि त्याचा साठा अत्यल्प असतो. सगळा साठा एकदम उधळला, तर दुसरा शत्रू येताच प्राणी निःशस्त्र होईल. म्हणून तो पोटातील स्वस्त रसात हा महाग द्राव थोडासा मिसळतो, आणि ते मिश्रण जेथे शत्रू असेल तेथेच लावतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण ऐकतो; हा जीव आपले तळे थेंबाथेंबाने जपतो. अर्थात ही हुशारी त्याने विचार करून मिळवलेली नाही. कोट्यवधी वर्षांत, ज्यांचा व्यवहार असा जुळला ते तगले आणि ज्यांचा जुळला नाही ते नाहीसे झाले, याचा हा परिपाक आहे.

आइस्नर पुढे आपल्या बालपणीच्या देशातील प्राण्याकडेही वळले. उरुग्वायचे रसायनशास्त्रज्ञ कार्मेन रोसिनी व आंद्रेस गोन्झालेस आणि पत्नी मारिया आइस्नर यांच्यासह त्यांनी २००४ साली अकँथोपॅकिलसवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. एस्ताब्ले, आर्दाओ आणि फीझर यांच्या काळात ओळखलेले क्विनोन या अभ्यासात पुन्हा खरे ठरले. शिवाय एक नवी गोष्ट उघड झाली. या प्राण्याच्या पाठीच्या कवचाच्या कडेने बारीक पन्हळी असतात. डिवचल्यावर तोंडातून आलेला रस कवचाच्या पुढच्या कडेपर्यंत चढतो, तेथे ग्रंथींचा द्राव त्यात मिसळतो, आणि ते मिश्रण पन्हळींतून दोन्ही कुशींवरून मागे पसरते. पावसाचे पाणी पागोळ्यांखालच्या पन्हळीतून घराच्या कडेने वाहून जावे, तशी ही रचना आहे. क्षणभरात प्राण्याच्या दोन्ही बाजूंना गंधाची तटबंदी उभी राहते. मुंग्यांवर प्रयोग करून पाहता हे मिश्रण त्यांना दूर ठेवते, असे आढळले.

सर्वच जाती एकाच प्रकारचा द्राव बाळगतात असे मात्र नाही. लांब पायांच्या काही जातींच्या द्रावात क्विनोन नसून कीटोन वर्गातील वेगाने उडून जाणारे पदार्थ असतात. त्यांतील एका पदार्थाची गंमत अशी की, पाने कापून नेणाऱ्या अमेरिकन मुंग्या तोच पदार्थ आपसांत धोक्याचा इशारा देण्यासाठी वापरतात. द्राव वापरण्याच्या पद्धतीही भिन्न आहेत. कुणी थेंब अंगावर पसरवतो, कुणी पायाने शत्रूला लावतो, तर कुणी त्याची बारीक धार उडवतो. साधन एक असले तरी ज्याची त्याची वहिवाट निराळी.

ब्राझीलच्या समुद्राकाठच्या अरण्यांत या ढालीचा आणखी एक उपयोग दिसून आला. तेथील ‘गोनिओसोमा’ वंशाचे हार्व्हेस्टमन दिवसा खडकांच्या कपारींत दाटीवाटीने समूह करून बसतात. काम्पिनास येथील विद्यापीठातील ग्लाउको माशादो, विनिसियस बोनातो आणि पाउलो ओलिवेइरा यांनी एक साधा प्रयोग केला. कापसाच्या बोळ्याला याच प्राण्यांचा द्राव लावून तो शांत बसलेल्या समूहाजवळ धरला. दर चार समूहांपैकी जवळजवळ तीन समूह पांगले. नुसत्या पाण्याचा बोळा धरला तेव्हा जवळजवळ कुणीही जागचे हलले नाही. समूह जितका मोठा, तितकी पांगापांग लवकर झाली. हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. एकावर संकट आले की त्याने स्वतःसाठी सोडलेला गंध शेजाऱ्यांना सावध करतो. ज्या थेंबाने एकाचे रक्षण व्हायचे, त्याच थेंबाने सारा समूह वाचतो.

तथापि ही ढाल अभेद्य आहे, असे समजणे चूक ठरेल. माशादो आणि त्यांच्या दुसऱ्या सहकाऱ्यांनी २००५ साली त्याच वंशातील एका जातीच्या द्रावाची परीक्षा निरनिराळ्या शत्रूंसमोर घेतली. मुंग्यांच्या सात जाती, भटक्या मोठ्या कोळ्यांच्या दोन जाती आणि बेडकाची एक जात, हे सर्व त्या द्रावापुढे मागे हटले. परंतु ऑपॉसम या प्राण्याने मात्र त्याची पर्वा केली नाही. ऑपॉसम हा पिलांना पोटाच्या पिशवीत वाढवणारा, मांजराएवढा सस्तन प्राणी. मुंगीला असह्य होणारी मात्रा एवढ्या मोठ्या जनावराला रोखू शकली नाही. शिवाय ही ढाल कधी कधी धन्यावरही उलटते. हार्व्हेस्टमनला बंद बाटलीत कोंडून त्रास दिला, तर साचलेला गंध त्यालाच घातक ठरू शकतो. मोकळ्या हवेत जे शस्त्र आहे, ते कोंडलेल्या जागेत संकट होऊन बसते. म्हणून ज्यांना या जीवाचे निरीक्षण करायचे असेल, त्यांनी त्याला हवेशीर जागी ठेवावे, किंवा त्याहूनही बरे म्हणजे तो जेथे बसला असेल तेथेच पाहावा.

निसर्गात कोणतेही शस्त्र सर्वांवर चालत नाही, आणि चालण्याची गरजही नसते. हार्व्हेस्टमनचे नित्याचे शत्रू म्हणजे मुंग्या, कोळी, बेडूक. त्यांच्यापासून वाचून पुढची पिढी मागे ठेवता आली, की त्याच्या ढालीचे काम झाले. ऑपॉसमपुढे ती अपुरी पडली, तरी ४१ कोटी वर्षांच्या हिशेबात ती पुरेशी ठरली आहे. मोठे बळ नाही, विष नाही, वेगही फारसा नाही; परंतु जे थोडे आहे ते जपून, योग्य वेळी आणि योग्य ठिकाणी वापरण्याचा गुण आहे. त्या गुणावर हा वंश तगला.

या हकीकतीत माणसांचाही वाटा मोठा आहे. ज्यांना लोक डोळे समजत होते ती ग्रंथींची दारे आहेत, हे कुणीतरी नीट पाहिले म्हणून कळले. ज्याला लोक विषारी म्हणून चिरडत होते, तो निरुपद्रवी आहे, हे कुणीतरी तपासले म्हणून सिद्ध झाले. जर्मनी, उरुग्वाय, अमेरिका आणि ब्राझील या दूरदूरच्या देशांतील संशोधकांनी, दीडशे वर्षांच्या काळात, एकाने सोडलेला धागा दुसऱ्याने उचलून हे ज्ञान पूर्ण केले. आणि त्यांच्यासमोर होता दगडाखाली बसणारा एक क्षुद्र जीव. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे माणसांविषयी म्हटले जाते. दगड उचलून खाली निरखून पाहणाऱ्याला हे वचन इतर जीवांच्या बाबतीतही खरे असल्याचे आढळून येते. दगड मात्र पुन्हा हलक्या हाताने जागच्या जागी ठेवावा; कारण त्याखाली कुणाचे तरी घर असते.

अभ्यास

१. हार्व्हेस्टमन आणि कोळी यांच्यातील भेद पाच-सहा वाक्यांत सांगा.

२. पाय तोडून देण्याचा उपाय हार्व्हेस्टमनला महाग का पडतो?

३. ‘ग्रंथीतील द्राव तो काटकसरीने वापरतो.’ हे विधान व्होनोनेस या जातीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

४. कापसाच्या बोळ्याच्या प्रयोगात नुसत्या पाण्याचा बोळाही का वापरला असेल, ते विचार करून लिहा.

५. पुढील शब्दसमूहांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : माघार घेणे, तथ्याचा लवलेश नसणे, हाताखाली शिक्षण घेणे, जिवावरचे शेपटावर निभावणे.

६. पुढील शब्दांचा विग्रह करून समास ओळखा : गंधग्रंथी, स्वसंरक्षण, किड्यामुंग्या.

७. आपल्या परिसरातील एखाद्या लहान जीवाचे त्याला न दुखवता निरीक्षण करा, आणि तो स्वतःचे रक्षण कसे करतो, याचे दहा ओळींत वर्णन लिहा.